आजोबांची साखरेची वही

परवा मेडिकलवर उभा होतो. साठीतले एक काका रिपोर्ट पुढे करून दुकानदाराला म्हणाले, "बघ रे, वाढलीय का?" त्याने मान हलवली, नेहमीच्या गोळ्या दिल्या. एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, हे बारा वर्षांच्या आजारात त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

गंमत म्हणजे, रुग्णाला शिकवायची रीत इन्सुलिनपेक्षा जुनी आहे. बोस्टनच्या डॉ. इलियट जोस्लिन यांनी १९१८ साली मधुमेहावर पुस्तक काढलं, ते डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी वापरायचं म्हणून. तेव्हा औषधच नव्हतं. खाणं जवळजवळ बंद करून दिवस ढकलायचे, एवढंच हातात.

मग ११ जानेवारी १९२२. टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिलं इन्सुलिन टोचलं. ते पुरेसं शुद्ध नव्हतं, फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिपने शुद्ध केलेलं २३ तारखेला दिलं आणि साखर उतरली. पोरगा पुढे तेरा वर्षं जगला.

पण खरी पंचाईत इथूनच सुरू झाली. डोस जास्त झाला की घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी. रात्री घरी हे ओळखणार कोण? डॉक्टर काही उशाशी बसत नाही. म्हणून जेवण मोजणं, सुई टोचणं, लघवी तपासणं हे सगळं रुग्णालाच शिकावं लागलं. जोस्लिननी त्यासाठी नर्सेस तयार केल्या.

आमचे आजोबा सातवी पास. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळंच राहिलं तर ठीक. हिरवं, पिवळं, नारिंगी होत विटकरी झालं की आजी भाताचं पातेलं उचलून आत न्यायची! रोजचा रंग वहीत लिहिलेला असे.

आज बोटाला टोचलं की काही सेकंदांत आकडा येतो. पण आपल्याकडे ओपीडीत एका पेशंटला जेमतेम दोन मिनिटं मिळतात, त्यात आकड्याचा अर्थ कधी सांगणार? मग साखर नॉर्मल आली म्हणून कुणी गोळ्या परस्पर बंद करतो, कुणाला तळपायाची जखम कळतच नाही. नर्सताईंना आठवड्यातून एक तास फक्त शिकवण्यासाठी दिला, तर खर्च तरी कितीसा येईल?

त्या काकांना मी रिपोर्टच्या पाकिटावरच रकाने आखून दिले. तारीख, वेळ, साखर. थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची वेगवेगळी लिहू ना?"