बेथेलची शिळा : मराठी ख्रिस्ती जीवन आणि ईश्वरी मार्गदर्शन



परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे मानवत रोड, सेलू, परतूर ही स्थानके एकामागून एक मागे पडतात आणि जालना येते. परतूर तालुका १९८१ सालापर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता, तेव्हा जालन्याची वेस आपल्याला काही परकी नव्हे. या जालन्याजवळ बेथेल नावाचे एक ख्रिस्ती गाव गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात वसविण्यात आले. मराठी मुलखात हे नाव आले कोठून? आजच्या विषयाचा धागा या नावातच गुंतलेला आहे, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

बायबलाच्या जुन्या करारात याकोबाची कथा आहे. भावाला फसवून, त्याच्या रागाच्या धाकाने हा तरुण घर सोडून पळाला. वाटेत रात्र झाली. उशाला एक दगड घेऊन तो उघड्यावर निजला. स्वप्नात त्याला पृथ्वीपासून आकाशापर्यंत पोहोचलेला जिना दिसला आणि देवाचे अभयवचन ऐकू आले. जागा झाल्यावर तो चकित होऊन म्हणाला की, देव या ठिकाणी होता आणि मला ते कळलेच नाही. उशाचा दगड त्याने उभा केला आणि त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव दिले.

या कथेतील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. याकोबाला देवाचे सान्निध्य कळले ते मागाहून कळले. निजताना त्याच्यापाशी भीती, थकवा आणि एक दगड, एवढेच होते. श्रद्धावान माणसाच्या आयुष्यात देव वाट दाखवितो, हे सर्वच धर्म सांगतात. पण ती वाट ओळखावी कशी? मनातली हाक देवाची की आपल्याच इच्छेची? हा प्रश्न काही केवळ धर्मपंडितांचा नव्हे. मुलीचे लग्न, नोकरीचा राजीनामा, भावाशी तंटा, गाव सोडणे, अशा प्रत्येक प्रसंगी तो साध्या माणसाच्या दाराशी येऊन उभा राहतो. मराठी ख्रिस्ती माणसांनी त्याला कसे तोंड दिले, हे आज पाहावयाचे आहे.

आपल्याकडे याला एक जुने उत्तर आहे. कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीवर फुले, पाकळ्या लावावयाच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हे पाहून कोणी हसू नये, कारण ख्रिस्ती जगातही कौल होता. येशूच्या बारा शिष्यांपैकी यहूदाची जागा रिकामी झाली तेव्हा उरलेल्यांनी चिठ्ठ्या टाकूनच मत्थियाची निवड केली. युरोपातील मोरावियन पंथाचे लोक अठराव्या शतकात विवाहासारखी गोष्टही चिठ्ठीवर सोपवीत. मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७३७ साली अमेरिकेत असताना, मनात भरलेल्या मुलीशी लग्न करावे की नाही, याचा निर्णय चिठ्ठी काढून केला, आणि नकार आला म्हणून तो विचार सोडून दिला. कौलाचे सुख असे की निवडीचा भार आपल्या शिरावर राहत नाही. त्याचे दुःखही तेच. कारण त्यात माणसाची विवेकबुद्धी वापराविना पडून राहते.

दुसरी रीत संथ आहे आणि कष्टाचीही आहे. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश शिपाईगड्याने जेझुइट संघ स्थापन केला आणि आपल्या साधकांना रोजचा एक हिशेब शिकविला. दिवसाकाठी दोनदा थांबावयाचे आणि मागे वळून पाहावयाचे : आज कोठे मन शांत झाले, कोठे कोरडे पडले, कोणत्या क्षणी प्रेम वाढले, कोणत्या क्षणी आटले. दुकानदार रात्री खतावणी मांडतो तशीच ही मनाची खतावणी होय. या संघाचा एक इंग्रज साधू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला, मराठी शिकला आणि त्याने ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. मराठी भाषेचा तो मोठा अभिमानी होता, हे आपण सर्व जाणतो. पण त्या ग्रंथामागे असा दररोज स्वतःचा झाडा घेणारा मनुष्य होता, हेही ध्यानात ठेवावे.

आता एकोणिसाव्या शतकाकडे वळू. बेथेल वसविणारे नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुळातले, मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मनाला पटलेले सत्य उघडपणे स्वीकारणे हीच देवाची आज्ञा, असे त्यांना वाटले. पण गोष्ट येथे संपत नाही. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा वर्षांच्या आसपासचे पोर, तोही मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. बापाने न्यायालयात धाव घेतली. मुलगा अज्ञान आहे, त्याला बापाच्या हवाली करावे, असा निकाल झाला. मुलगा परत आला. परंतु मिशनऱ्यांच्या घरचे अन्न घेतलेल्या मुलाला जातीत घ्यावे की नाही यावर ब्रह्मवृंदात मोठे वादळ उठले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, अशी बाजू घेतली, आणि त्यासाठी स्वजातीयांचा रोष पत्करला.

या प्रकरणात प्रत्येकजण आपापल्या परीने देवाचीच आज्ञा पाळीत होता. थोरल्या भावाला अंतःकरणाची हाक ऐकू आली होती. बापाला कुळाचा धर्म आणि मुलाची माया खेचीत होती. शास्त्रीमंडळी ग्रंथाचा आधार दाखवीत होती. जांभेकर त्याच शास्त्रात दयेची जागा शोधीत होते. मध्ये उभे होते एक पोर, आणि त्याच्यासाठी दोन्हीकडची दारे मिटू पाहत होती. एकाला झालेल्या मार्गदर्शनाची किंमत दुसऱ्याला, तीही न कळत्या वयात, भरावी लागली. ईश्वरी हाकेविषयी बोलताना हा प्रसंग विसरून चालणार नाही. ‘मला देवाने सांगितले’ या वाक्यापुढे घरातली दुसरी माणसे काय बोलणार? म्हणूनच ज्याला हे वाक्य उच्चारावयाचे आहे त्याने ते भीतभीतच उच्चारले पाहिजे.

नारायण शेषाद्रींचे पुढील आयुष्य मात्र त्या हाकेच्या खरेपणाची साक्ष देते. १८५४ साली ते दीक्षित पाळक झाले. पुढे ते निजामाच्या राज्यात जालन्यास आले आणि मुख्यतः त्या वेळी मांग म्हणून गावकुसाबाहेर ठेवलेल्या लोकांत राहिले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली आणि तिच्यावर बेथेल उभे राहिले. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या जागतिक ख्रिस्ती परिषदेलाही ते गेले होते; पण परत आले ते जालन्याच्या याच माणसांकडे. १८९१ साली समुद्रप्रवासात त्यांचा अंत झाला. तरुणपणी जी हाक घर तोडून गेली, तिने पुढे बेघरांना घर दिले. गावाला बेथेल हे नाव देताना, पळून निघालेल्या याकोबाची आठवण त्यांच्या मनात आली नसेल, असे म्हणवत नाही.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडात १८८३ साली झाला. परंतु त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे की, आपण तेव्हा ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्ताची खरी ओळख त्यानंतर कित्येक वर्षांनी पटली. एवढ्या विदुषीने ही कबुली द्यावी, यात मोठा धडा आहे. देवाचे मार्गदर्शन एकाच दिवशी पुरे मिळत नाही. १८७० नंतरच्या दुष्काळात त्यांचे आईबाप आणि बहीण अन्नान्न करीत गेले होते. १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली तेव्हा रमाबाई तिकडे धावल्या आणि शेकडो निराधार मुलीबाळींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठीच केडगावचे मुक्तिसदन वाढले. ही प्रेरणा आकाशवाणीने आली काय? त्यांच्या दृष्टीने ती देवाकडूनच आली. पण आली ती त्यांच्याच जुन्या भुकेच्या वाटेने. ज्या दुःखातून देवाने आपल्याला तारून नेले, त्याच दुःखात पडलेल्यांकडे तो आपल्याला धाडतो, असा हा अनुभव आहे.

तिसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपीय गृहस्थ भेटला. काव्याच्या आणि धर्माच्या गोष्टी निघाल्या. उतरताना त्याने नव्या कराराचे पुस्तक हाती ठेवले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी दिला शब्द पाळावा म्हणून पुस्तक उघडले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांना ते सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

गाडीतल्या भेटीची ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामागची दोन वर्षे मात्र आपण विसरतो. त्या काळात त्यांनी वाचन केले, शंका काढल्या, पत्रव्यवहाराने वाद घातला. भेट ही ठिणगी होती. शेगडी पेटली ती या विचाराने. आणि या वेळीही किंमत एकट्याने भरली नाही. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आश्रयाने त्यांनी कित्येक वर्षे काढली. पुढे त्या टिळकांकडे आल्या तरी आपले सोवळे त्यांनी लगेच सोडले नाही, आणि टिळकांनीही ते सोडावयास लावले नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी आपला आपणच सोडविला. तेथे दृष्टांत नव्हता, चमत्कार नव्हता. एका बाईने शांतपणे केलेला विचार होता. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला दिसेल की, नवऱ्याच्या हाकेला त्यांनी ओ दिली ती त्यांना स्वतःला हाक ऐकू आल्यानंतरच. टिळकांच्या थोरवीचा एक भाग असा की, त्यांनी तोवर वाट पाहिली.

टिळकही एका हाकेवर थांबले नाहीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी न घेतलेल्यांनाही होती. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये ते वारले. दरबाराचा पसारा वाढला नाही. मग ती हाक खोटी होती काय? यशावरून हाकेची परीक्षा करावयाची ठरविली तर संतांपैकी किती जण उतरतील, याचा विचार करावा.

मग परीक्षा कशी करावी? इतिहासाला उपदेश करण्याचा अधिकार नाही. पण या चरित्रांतून काही खुणा हाती लागतात. खरी हाक काळाला भीत नाही; टिळकांची दोन वर्षे, रमाबाईंची त्याहून अधिक वर्षे तिला पुरली. खरी हाक चर्चेला भीत नाही. ती ग्रंथापुढे, मित्रांपुढे, विरोधकांपुढेही उभी राहते. खरी हाक माणसाला आपल्याहून दुबळ्याकडे नेते. जालन्याच्या गावकुसाबाहेर नेते, दुष्काळातल्या पोरींकडे नेते. आणि चौथी खूण, जी श्रीपतच्या प्रकरणाने शिकविली : आपल्या हाकेची किंमत कोण भरतो आहे, हे खरा भक्त डोळे उघडे ठेवून पाहतो. शेजाऱ्याचे अंतःकरणही देवाचेच घर आहे, तेथे आपण देवाच्या नावाने दार फोडून शिरू नये.

ज्यांचा धर्म वेगळा आहे, किंवा ज्यांचा देवावर विश्वासच नाही, त्यांनाही या खुणा परक्या वाटू नयेत. ज्याला कोणी अंतरात्म्याचा आवाज म्हणतो, कोणी कर्तव्य म्हणतो, त्याचीही परीक्षा याच दगडावर करावी लागते.

शेवटी आपल्या मातीकडे येतो. गोदाकाठचे गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. तिच्या विठोबाने दर्शन दिले ते कोठे? जात्यापाशी, शेणगोठ्यात, केरवाऱ्याच्या कामात. देव हाताला हात लावून दळू लागतो, ही कल्पना ज्या मातीत रुजली, त्या मातीला याकोबाची उशाची शिळा समजावून सांगावी लागत नाही. ख्रिस्ती माणूस सायंकाळी दिवसाचा हिशेब घेऊन देवापुढे बसतो, तेव्हा तोही हेच शोधीत असतो : आज जात्याच्या दुसऱ्या खुंट्यावर कोणाचा हात होता? बहुधा ते दळताना कळत नाही. पीठ पडल्यावर, हात थांबल्यावर कळते. पण रोज थांबून पाहण्याची सवय ज्याला लागली, त्याला दुसऱ्या दिवशीचे दळण थोडे हलके जाते, एवढे या माणसांच्या चरित्रांवरून खात्रीने म्हणता येईल.