बांध कोणाचा, परवानगी कोणाची?

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. पण पाण्याच्या काठाने पेरायचे तर परवानगी कोणाची घ्यायची, हा प्रश्न इथल्या शेतकऱ्याला नवा नाही. माकणीचे निम्न तेरणा असो की परांडा तालुक्यातले सीना-कोळेगाव, धरणाचे पाणी ओसरू लागले की गाळपेर जमीन उघडी पडते. ती पेरायला जलसंपदा खात्याची परवानगी लागते, कारण ती संपादित झालेली असते. इथे निदान मालक कोण, हे स्पष्ट आहे. कोकणातल्या खाडीकाठी पेच उलटा आहे. तिथे सातबारा शेतकऱ्याचा आणि जमिनीवर पाणी समुद्राचे. हा पेच कसा तयार झाला?

अलिबाग, पेण भागातला खारेपाट हा माणसाने बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेला प्रदेश. आतले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडायचे आणि भरतीचे आत येऊ द्यायचे नाही, यासाठी बांधात उघाड्या असत. बांध राखणे हाच या शेतीचा प्राण. शिलोत्री पद्धतीत बांध सांभाळणाऱ्याला बिघ्यामागे ठरलेले भात मिळे. उधाणाने खांड पडली की सगळे शेतकरी मिळून ती बुजवत. या सामाईक कामाला ‘जोळ’ म्हणत. खांड वेळेत बुजली नाही, तर मीठ मुरून पुढची काही वर्षे भात हाती लागत नसे.

याच भागात चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांचा संप सुरू झाला आणि तो १९३९ पर्यंत चालला. पुढे १९४८ साली मुंबई प्रांतात दोन कायदे झाले. कुळकायद्याने जमीन कसणाऱ्याकडे जाण्याची वाट मोकळी केली. खार जमीन कायद्याने बांधांसाठी मंडळ नेमले. जमीनदाराचा बांधातला रस संपला, जोळही हळूहळू मोडली आणि बांधाची भिस्त सरकारवर आली. १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास कायद्याने तर खारभूमी राखणे हे शासनाचे रीतसर कामच ठरले.

त्यानंतर पर्यावरणाचे कायदे आले. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने शेतीला बंदी केली नाही. बांध घालून समुद्राच्या पाण्याची नैसर्गिक वाट अडवायला मात्र मनाई केली आणि खारे पाणी शिरू नये म्हणून करायच्या कामांना सूट ठेवली. म्हणजे भात लावायला अडचण नव्हती. प्रश्न बांधाचा होता, आणि त्यालाही वाट होती.

खरी अडचण तिवरांची. खांड तशीच राहिली की दर भरतीला पाणी येते, त्याबरोबर बी येते आणि काही वर्षांत शेतात कांदळवन उभे राहते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने कांदळवनांची तोड थांबवली आणि त्यांच्या भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने हे संरक्षण कायम झाले. सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरली. जमीन खासगी असली तरी त्यातून सुटका नाही.

हे संरक्षण चुकीचे म्हणता येणार नाही. तिवरे माशांच्या पिलांना आसरा देतात, लाटांचा जोर मोडतात, आणि भराव टाकून बुजवलेल्या खाड्या मुंबईने पाहिल्या आहेत. पण परवानगी देताना आज तिथे काय उगवले आहे, एवढेच पाहिले जाते. बांध राखणे कोणाचे काम होते आणि खांड किती वर्षे उघडी राहिली, हे विचारले जात नाही. त्यामुळे बांधाकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते आणि ज्यांनी दुर्लक्ष केले त्यांच्यावर काहीच येत नाही.

खांड पडली त्या दिवसाची रीतसर नोंद आणि ती बुजवण्याची ठरलेली मुदत, एवढे जरी नियमात आले तरी भात आणि तिवर यांच्यातले पुष्कळसे भांडण मिटेल. मुदत टळली, तर निदान संपादनाचा मोबदला तरी द्यावा. गाळपेर जमिनीच्या मूळ मालकाला संपादनाचे कागद तरी मिळाले होते. खारेपाटातल्या शेतकऱ्याची जमीन मात्र कागद न होताच पाण्याखाली गेली.