दोन फुटांची रेल्वे

नगरची रेल्वे म्हटली की लोक दौंड-मनमाड मार्गाचं नाव घेतात. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात पोटासाठी खडी फोडणाऱ्या आणि मातीचे भराव घालणाऱ्या माणसांनी तो मार्ग उभा केला आणि १८७८ साली त्यावरून गाडी धावली. पण या जिल्ह्यात आणखी एक रेल्वे होती. तिच्या दोन रुळांमधलं अंतर दोन फूट. तिला वेळापत्रक नव्हतं, तिकीट नव्हतं आणि तिच्यातून प्रवास करायचा तो फक्त ऊस. श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव या पट्ट्यातल्या खासगी साखर कारखान्यांच्या मळ्यांतून ती फिरायची. तिच्या एका शेडमध्ये माझे वडील, आमचे अण्णा, फिटर होते.

मी स्वतः नगरच्या एमआयडीसीत लेथवर आयुष्य काढलं. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाच इंची रुळांवर चालणारी वाफेची इंजिनं दुरुस्त करतो. पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांची असतात. माणूस मागे डब्यावर बसून चालवू शकेल एवढी मोठी, आणि दोघांनी धरून टेम्पोत चढवता येतील एवढी लहान. अशा छोट्या गाड्यांवर मिळेल ते मी वाचत आलो आहे. सगळीकडे एकच तऱ्हा: इंजिन कोणी बनवलं, कोणासाठी बनवलं, किती साली बनवलं. नंतरची तीस-चाळीस वर्षं ते चालतं कोणी ठेवलं, याबद्दल अवाक्षर नाही. कारखानदाराचं नाव पितळी पाटीवर कोरून इंजिनाला लावलेलं असतं. फिटरची पाटी कोणी लावत नाही. म्हणून हा इतिहास मी दुरुस्तीच्या बाजूने सांगणार आहे.

या छोट्या रुळांचं आणि साखरेचं नातं जुनं आहे. फ्रान्समध्ये पॉल डकोव्हिल नावाच्या शेतकरी-कारखानदाराचं साखरबीट चिखलात अडकलं होतं, गाड्या रुतत होत्या. त्यावर १८७५ मध्ये त्याने तोड काढली: रूळ आणि स्लीपर आधीच जोडलेले तुकडे करायचे, माणसांनी उचलून शेतात अंथरायचे, काम झालं की उचलून दुसऱ्या शेतात न्यायचे. ही युक्ती जगभरच्या मळ्यांत पसरली. जर्मनीत ओरेनस्टाइन अँड कोपेल, इंग्लंडात लीड्सचे जॉन फाउलर अशा कंपन्यांनी त्या रुळांसाठी बुटकी इंजिनं बनवून देशोदेशी पाठवली.

आपल्याकडे याला जागा मिळाली ती प्रवरेच्या पाटामुळे. भंडारदऱ्याच्या धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. पाणी येणार हे दिसताच बेलापूर कंपनीने हरेगावला बस्तान बसवलं. शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने एकत्र झाल्या, हजारो एकरांचे सलग मळे तयार झाले. पुढे टिळकनगर, चांगदेवनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी असे खासगी कारखाने उभे राहिले. ओल्या काळ्या मातीत भरलेली बैलगाडी रुतली की चार बैलांनाही हलत नाही. रूळ टाकले की तोच ऊस एक लहानसं इंजिन डझनभर ट्रॉल्यांत घालून ओढतं. शिवाय तोडलेला ऊस उन्हात पडला की वजन घटतं, उतारा घटतो. म्हणजे इंजिन बंद पडलं तर नुकसान फक्त वाहतुकीचं होत नसे, साखरेचंही होई.

दसऱ्याच्या सुमारास कारखान्याच्या बॉयलरचं अग्निप्रदीपन व्हायचं, मोळी पडायची आणि पुढचे पाच-सहा महिने इंजिनाला श्वास घ्यायला सवड नसायची. हंगामात फक्त मलमपट्टी: ग्लँड गळत असेल तर दोरी बदल, नट सैल असेल तर आवळ, तेल घाल, पुढे जा. खरी दुरुस्ती ऑफ सिझनला, म्हणजे ऐन पावसाळ्यात. अण्णांच्या तोंडून ऐकलेलं आणि शाळेला सुट्टी असली की डोळ्यांनी पाहिलेलं असं बरंच काही मला आजही कामाला येतं.

पहिला शत्रू पाणी. आपल्या भागातल्या विहिरींचं पाणी जड, क्षाराचं. ते बॉयलरमध्ये आटलं की नळ्यांवर पांढरट कवच चढतं. आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, धातू नको तेवढा तापतो आणि नळी तोंडाशी गळायला लागते. त्यामुळे ड्रायव्हर शक्यतो पाटाचं पाणी भरून घेत. तरीही पावसाळ्यात बॉयलर उघडला की खालच्या हातछिद्रातून चिखलासारखा गाळ निघे. वॉशआउट म्हणजे जोरदार धारेने तो गाळ काढायचा, सळईने कवच खरवडायचं, गळक्या नळ्यांची तोंडं एक्स्पांडरने पुन्हा फुलवून बसवायची. मग भट्टीच्या छतातला लेड प्लग तपासायचा. हा प्लग म्हणजे पितळी बुचाच्या मध्यात भरलेलं शिसं. पाण्याची पातळी छताच्या खाली गेली की शिसं वितळतं, वाफ भट्टीत शिरते आणि आग विझते. ड्रायव्हरची फजिती होते, पण बॉयलर वाचतो. क्षार चढला की हा प्लगही झाकला जातो आणि वेळेला दगा देतो. अण्णा तो दर हंगामाला बदलायचे. जुना चांगला दिसतो का, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो प्रश्नच त्यांना मान्य नव्हता.

दुसरं काम बेअरिंगचं. ॲक्सलबॉक्समध्ये व्हाइट मेटल ओतायचं असे. आषाढ-श्रावणातली हवा दमट, आणि साच्यात ओलाव्याचा अंश जरी राहिला तरी वितळलेला धातू तडतडून अंगावर येतो. म्हणून साचा आणि बॉक्स आधी शेगडीवर चांगले तापवून घ्यायचे, मगच पळी उचलायची. धातू गार झाला की ॲक्सलला निळ्या रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा, बेअरिंग त्यावर बसवून फिरवायचं आणि उचलून पाहायचं. जिथे निळा डाग तिथे उंचवटा. स्क्रेपरने तेवढाच खरवडायचा, पुन्हा बसवायचं, पुन्हा पाहायचं. डाग सगळीकडे सारखे पसरेपर्यंत हे चालायचं. एका बेअरिंगला सबंध दिवस सहज जाई आणि वरच्या साहेबाला त्या दिवसात काहीच झालेलं दिसत नसे.

तिसरी भानगड लेथची. चाकाची फ्लेंज झिजून धारदार झाली की ती सांध्यावर रुळाला चढते आणि इंजिन खाली उतरतं. चाकं टर्न करून फ्लेंजचा आकार परत द्यावा लागतो. पण कारखान्यातला मोठा लेथ पावसाळ्यात मिलच्या रोलरसाठी अडकलेला. रोलरचे खाचे नीट नसतील तर रस निघणार नाही, मग इंजिनाला कोण विचारतो! लोकोशेडचा नंबर नेहमी शेवटी लागायचा. आमच्या घरात ऑगस्टमध्ये जेवताना जो विषय निघे तो हाच.

आता या शेडमधून थोडं बाहेर जाऊ, कारण अशाच छोट्या रुळांवर मराठी राजेही रमले होते. पारनेर तालुक्यातल्या जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे. त्याच घराण्यातले ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आगगाडीचे भारी शौकीन. ग्वाल्हेरची दोन फुटी रेल्वे वाढत वाढत पार श्योपूरपर्यंत, सुमारे दोनशे किलोमीटर गेली आणि २०२० पर्यंत चालली. जयविलास महालातली त्यांची चांदीची गाडी तर प्रसिद्धच आहे. इंग्लंडच्या बॅसेट-लोक कंपनीने १९०६ साली ती बनवली. जेवणाच्या मेजावर विजेवर फिरून ती पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट नेते. डब्यातली सुरई उचलली की गाडी थांबते, ठेवली की निघते. पाहणारे चांदी पाहतात. मला त्यातला सुरईखालचा स्विच पाहावासा वाटतो. खरकट्या मेजावर, सांडलेल्या पेयांत, इतक्या वर्षांत त्याचे संपर्कबिंदू कितीदा घासावे लागले असतील!

बडोद्याची गोष्ट माझ्या कामाच्या अधिक जवळची. महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९४१ मध्ये राजपुत्र रणजितसिंह यांच्यासाठी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात छोटी रेल्वे घातली. आमराईतून फिरत ती मुलांना वाड्यातून शाळेत नेई. जिथे ती शाळा होती, तिथे आज महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे. पुढे रणजितसिंहांनी ते इंजिन आपल्या मुलासाठी, समरजितसिंहांसाठी, पुन्हा दुरुस्त करून घेतलं. कित्येक वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला जाग आणणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्याला विचारा: पिस्टन सिलिंडरला धरलेले, नळ्या आतून खाल्लेल्या, प्रत्येक स्टड तुटायच्या बेतात. नोंद मात्र देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची राहते.

पुण्यातही १९५६ पासून पेशवे पार्कात फुलराणी धावली. कोथरूडला भाऊ जोशी यांनी १ एप्रिल १९९८ रोजी लघुरेल्वेचं संग्रहालय उघडलं, तिथल्या गाड्या खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या. त्या मापात वंगणाचा एक थेंब जास्त झाला तरी रूळ घाण होतो आणि गाडी अडखळते. बागेतल्या गाडीची दुखणी वेगळी, पाऊस आणि माती यांची. २०२१ च्या तौक्ते वादळाने बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वनराणीचं किती नुकसान झालं, ते मुंबईकरांना ठाऊक आहे. बागांत गाडी सुरू करताना फीत कापायला सगळे असतात. स्लीपर बदलायच्या वर्षी अंदाजपत्रकात रक्कम शोधावी लागते.

आमच्या जिल्ह्यातली ट्रॉली लाइन इंजिनाच्या म्हातारपणामुळे संपली असं बरेच लोक सांगतात. मला ते पटत नाही. चांगल्या फिटरच्या हाताखाली इंजिन दोन पिढ्या जातं. लाइन संपली ती जमिनीमुळे. १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला, खासगी कारखान्यांचे मळे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेले. त्याआधीच १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला होता. सहकारी कारखान्याचा ऊस हजारो सभासदांच्या तुकड्यातुकड्यांच्या रानातून येतो. मालक बदलत नाहीत अशा सलग जमिनीवरच रूळ चालतात. बांधाबांधावर थांबायचं तर बैलगाडी आणि ट्रॅक्टरच बरा. हळूहळू रूळ उखडले गेले, इंजिनं भंगारात गेली.

याबद्दल मी गळा काढणार नाही. ज्या जमिनीवर ते रूळ होते ती खंडकऱ्यांची, म्हणजे खंडाने जमीन दिलेल्या शेतकऱ्यांची होती. ती परत मिळवायला त्यांच्या पिढ्या गेल्या आणि २०१२ नंतर कुठे ताबे मिळू लागले. ज्याच्या आजोबाच्या शेतातून कंपनीची गाडी शिट्टी मारत जायची, त्याला तुम्ही त्या शिट्टीची गोडी सांगू शकत नाही. अण्णांनाही हे कळत होतं. त्यांचा राग फक्त एका गोष्टीवर होता, की भंगारवाल्याने गॅसकटरने कापलेल्या इंजिनात त्यांनी नुकतीच बसवलेली बेअरिंग होती.

आज माझ्या बाकावर जे इंजिन आहे ते त्या इंजिनांच्या साधारण पाचव्या हिश्शाचं. काम सोपं होतं असं कुणाला वाटेल, पण माप पाचपट घटलं की पृष्ठभाग पंचवीसपट घटतो आणि पाणी सव्वाशेपट. थोडं पाणी, मानाने जास्त उघडा पत्रा. म्हणून ते पटकन तापतं, पटकन निवतं, आणि पातळी बघता बघता खाली जाते. त्यात पाण्याची काच इतकी बारीक की थेंब आतच अडकून बसतो आणि पाणी नसताना आहे असं भासवतो. मी चालवणाऱ्याला सांगतो, काचेवर विश्वास ठेवण्याआधी खालची तोटी उघडून काच मोकळी कर, पाणी परत वर चढलेलं पाहा, मगच पुढे. पंचवीस लिटरपेक्षा लहान बॉयलर २००७ च्या दुरुस्तीनंतर बॉयलर कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, म्हणजे निरीक्षक दारात येत नाही. त्यामुळे जबाबदारी उलट वाढते. चालू दाबाच्या दीडपट दाबाने गार पाण्याची चाचणी घेतल्याशिवाय मी इंजिन हातातून सोडत नाही, मालक कितीही घाईत असो.

पाणी पावसाचं वापरतो. पहिल्या पावसाने पत्रे धुऊन निघाले की ड्रम लावायचा. नगरला पाऊस बेताचाच, पण एवढ्याशा बॉयलरला वर्षभर पुरतो. आधीच्या मालकाने बोअरचं पाणी घातलेलं असेल तर तांब्याच्या बॉयलरमध्ये सायट्रिक ॲसिडचं सौम्य पाणी भरून ठेवतो, कवच विरघळतं. बेअरिंग अजून निळ्यानेच पाहतो.

एक विनंती करून थांबतो. हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी, चांगदेवनगर या वसाहतींत ज्यांचे वडील-आजोबा लोकोशेडमध्ये, गँगमध्ये किंवा वर्कशॉपमध्ये होते, त्यांच्या माळ्यावर जुन्या वह्या असण्याची शक्यता आहे: कोणत्या इंजिनाच्या किती नळ्या बदलल्या, चाक कधी टर्न केलं, काम कोणी केलं. घर आवरताना त्या रद्दीत घालू नका. मोबाइलवर पानांचे फोटो काढा, वहीवर शेडचं आणि माणसाचं नाव लिहा आणि गावच्या वाचनालयात एक प्रत द्या. म्हातारं माणूस घरात असेल तर आधी त्याला ती वाचून दाखवा, कारण वहीत न लिहिलेलं तोच सांगेल.