क्रीडादिन कोणाचा?

चाकण-तळेगाव पट्ट्यात कोरियन माणूस आता नवलाचा राहिलेला नाही. तळेगावचा जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ साली केला. तिकडे रांजणगावात एलजीचा कारखाना त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तरीही मोटारी आणि फ्रिज यांच्यापलीकडे ह्या समाजाविषयी आपल्याला फारसे ठाऊक नसते. त्यांच्या शाळांतील क्रीडादिनाचा इतिहास मात्र आपल्याला आपल्याच मैदानाकडे नव्याने पाहायला लावतो, म्हणून हा लेखप्रपंच.

ह्या दिवसाला कोरियन भाषेत 'उन्दोंगह्वे' म्हणतात. त्याची सुरुवात एका परदेशी शिक्षकापासून झाली असे मानले जाते. मे १८९६ मध्ये सोल येथील सरकारी इंग्रजी शाळेतील हचिसन नावाच्या इंग्रज शिक्षकाने आपले विद्यार्थी शहराबाहेरच्या मोकळ्या जागी नेले. निमित्त वसंतातील सहलीचे, आपल्याकडच्या वनभोजनासारखे. पण तेथे धावण्याच्या शर्यती, उड्या, गोळाफेक असे खेळ झाले. ज्या समाजात विद्वानाने संथ पावले टाकावीत अशी अपेक्षा असे, तेथे सुशिक्षित घरांतील मुलांनी चारचौघांत धावणे ही लहान गोष्ट नव्हती. शेजारच्या जपानमध्येही ही प्रथा १८७४ च्या सुमारास नौदलाच्या शाळेत ब्रिटिश शिक्षकांच्याच हाताने रुजली होती.

पुढे जे झाले ते त्या शिक्षकाच्या कल्पनेतही नसावे. १९०५ मध्ये कोरिया जपानच्या अंमलाखाली गेल्यावर हे मेळावे केवळ खेळांचे राहिले नाहीत. अनेक शाळा एकत्र येत, कवायत होई, निशाणे फडकत, आणि पाहायला गावेच्या गावे लोटत. राज्यकर्त्यांना त्यात राजकारण दिसू लागले, आणि १९०९ च्या सुमारास अशा संयुक्त मेळाव्यांवर गदा आली. शर्यतीपेक्षा जमाव मोठा झाला की सत्ता अस्वस्थ होते. टिळकांच्या काळातील गणेशोत्सव आठवणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

आता पुण्याकडे वळू. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद १९१९ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. केंब्रिजमध्ये शिकलेल्या दोराबजींनी इंग्लंडमधले मैदान जवळून पाहिलेले होते. जिमखान्याच्या स्पर्धांत त्यांना दोन गोष्टी दिसल्या: संयोजकांना युरोपीय पद्धतीच्या नियमांची नीट माहिती नाही, आणि अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे मात्र युरोपीय वेळेच्या जवळपास पोहोचणारी आहेत. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी संघ पाठवण्याचा घाट घातला गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटांत धावून एकोणिसावे आले.

म्हणजे दोन्हीकडे बीज परदेशी, पण पीक वेगळे आले. कोरियात मेळावा सगळ्या गावाचा झाला; पुण्यात त्यातून गुणी धावपटूचा शोध सुरू झाला. दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांची चमत्कारिक गाठ पडते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक तेथे आपले देशी खेळ दाखवत होते. त्याच शहरात सोन कि-जोंग हा कोरियन तरुण मॅरेथॉन जिंकून, छातीवर जपानचे चिन्ह घेऊन, मान खाली घालून उभा होता. सोलच्या एका वृत्तपत्राने त्याच्या छायाचित्रातील ते चिन्ह पुसून टाकले आणि त्यापायी त्याचे प्रकाशन बंद पाडण्यात आले. चौगुलेही सोळा वर्षांपूर्वी परक्याच्याच झेंड्याखाली धावले होते.

स्वातंत्र्यानंतर कोरियन क्रीडादिनाने एक वळण टिकवले: सारी शाळा निळ्या आणि पांढऱ्या अशा दोन गटांत विभागायची. प्रत्येक मूल कोणत्या तरी गटात असतेच. रस्सीखेचीत कच्चा मुलगाही दोराला हात लावतो. १९९५ पासून सरकारी योजनेतून तेथे इंग्रजी शिकवायला परदेशी शिक्षक जातात. बाहेरून आलेल्या माणसाला असा दिवस नुसता बघता येत नाही. त्यालाही दोर धरावा लागतो. हचिसनचे वर्तुळ असे पूर्ण होते.

तेथेही आता सारे आलबेल नाही. २०२३ मध्ये कोरियाचा जननदर ०.७२ इतका खाली आला. शाळा रिकाम्या होत आहेत, आणि शेजारच्या इमारतींतून आवाजाच्या तक्रारी येतात म्हणून मुलांनी खेळ सुरू करण्याआधी क्षमा मागितल्याच्या बातम्या अलीकडे वाचनात आल्या.

आणि आपल्याकडे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या निकषांत शाळेला क्रीडांगण हवे असे म्हटले आहे. बालेवाडीसारखे भव्य संकुल पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर उभे आहे. तरी वार्षिक क्रीडामहोत्सवात प्राथमिक फेरी, उपान्त्य फेरी, अंतिम फेरी असे करत शेवटी धावतात आठ, आणि उरलेली मुले उन्हात बसून टाळ्या वाजवतात. दोराबजींनी पाहिलेली ती अनवाणी मुले आज अशा चाळणीत पहिल्याच फेरीत गळाली असती की काय, अशी शंका येते. मोठे गुण हेरायचे तर आधी सगळ्यांना धावू द्यायला हवे. चौगुले सापडले ते शोधणाऱ्याची नजर चांगली होती म्हणून, हे खरे. पण त्याआधी ते मैदानावर होते.