पोलमन, अँथनी
दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेतील जर्मन सेनाधिकारी. मूळचा हॅनोव्हरचा; हे राज्य पुढे १८६६ मध्ये प्रशियात विलीन झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील हॅनोव्हेरियन पलटणीत तो सार्जंट होता. ती सोडून अठराव्या शतकाच्या अखेरीस तो शिंद्यांकडे आला आणि डी बॉइन व पेराँ यांच्या हाताखाली एका कंपूचा मुख्य झाला.

त्याची खरी कसोटी २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई (जालना जिल्हा) येथे लागली. शिंदे-भोसल्यांच्या फौजेतील सु. दहा हजार कवायती पायदळ व शंभराच्या आसपास तोफा त्याच्या हुकमतीखाली होत्या. आर्थर वेलस्लीने केळणा नदी अनपेक्षित ठिकाणी ओलांडून बगल गाठली. तेव्हा पोलमनने आपली संपूर्ण रांग काटकोनात वळवून उजवी बाजू केळणेला व डावी असई गावाला टेकविली. शत्रूसमोर असे वळणे सामान्य फौजेला साधत नाही. वेलस्लीलाही ते अपेक्षित नव्हते. इंग्रजांचे पंधराशेंहून अधिक लोक मारले गेले वा जखमी झाले. गोलंदाज तोफांजवळ अखेरपर्यंत झुंजले. मात्र शिंदे व भोसले रणांगण सोडून गेले, बहुसंख्य घोडदळ स्वस्थ राहिले आणि बहुतेक तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. तेव्हा पराभवाचा सारा दोष पोलमनवर टाकणे न्याय्य नाही.

त्याची निष्ठा मात्र वेतनापुरतीच होती. युद्धानंतर तो पुन्हा कंपनीच्याच नोकरीत शिरला.