नळ आधी, मोरी नंतर

बांधकाम साहित्याच्या दुकानात जाऊन ‘नाणी ट्रॅप’ मागितला, की दुकानदार मोरीच्या जाळीखाली बसणारा वाटीसारखा नग पुढे करतो. हा ‘नाणी’ म्हणजे आपल्याकडची न्हाणी. प्लंबिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही तो ‘नहाणी ट्रॅप’ असाच छापला जातो. त्याचे काम साधे आहे. पाणी वाहून गेल्यावरही त्याच्या वाकात सुमारे दोन इंच पाणी साचून राहते आणि ते गटारातला वायू व किडे घरात येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंग या लंडनच्या घड्याळजीने १७७५ साली संडासाच्या नळीला असाच वाक देऊन पेटंट घेतले होते. घर आणि गटार यांच्यामधली सीमा एवढीच, दोन इंच पाण्याची.

या सीमेपलीकडे काय होते, हा आपल्या घरबांधणीच्या नियमांचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. वापरलेले पाणी जाणार कुठे आणि ते नेणार कोण? गेल्या दीडशे वर्षांत आपल्याकडे नळ नेहमी आधी आला आणि मोरीचा विचार नंतर झाला.

मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० साली मिळाले. विहिरी आणि तळी आटून शहर तहानेने व्याकूळ झाल्याच्या आठवणी ताज्या होत्या. हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याने आखलेल्या या योजनेचे मोठे कौतुक झाले. पण आलेले पाणी वापरून झाल्यावर त्याला बाहेर काढणारी भूमिगत गटारे मात्र रखडत राहिली. भरावाच्या सखल जमिनीत आणि शोषखड्ड्यांत पाणी मुरत गेले. १८९२ साली तानसाचे पाणी आले आणि ओल आणखी वाढली.

दरम्यान १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा झाला होता. त्यातली एक तरतूद त्या काळाचे चित्र उभे करते. घराला सांडपाण्याची पुरेशी सोय नसेल आणि पालिकेचे गटार शंभर फुटांच्या आत असेल, तर घरमालकाला जोडणी करायला लावण्याचा अधिकार आयुक्ताला मिळाला. गटार त्याहून लांब असेल तर शोषखड्डा. म्हणजे घराचे आरोग्य मालकाच्या ऐपतीइतकेच पालिकेच्या गटाराच्या अंतरावर अवलंबून होते. जिथे गटार नव्हते, तिथे दोन इमारतींमधल्या अरुंद घरगल्लीतून माणूस येई आणि टोपलीतला मैला उचलून नेई. कायद्याने त्यासाठी वेगळा कर बसवला होता. त्याचे नाव ‘हलालखोर कर’. पाण्यावरचा कर पाण्याच्या नावाने आणि मैल्यावरचा कर तो वाहणाऱ्याच्या जातीच्या नावाने! पुढे त्याचे नाव मलनिःसारण कर झाले. बिलावरून तो माणूस नाहीसा झाला, कामावरून झाला नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. प्लेगचा जंतू १८९४ सालीच सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवेमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ साली दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर अधिकाऱ्यांचा संशय ओलसर जमीन, कोंदट हवा आणि तुंबलेली गटारे यांच्यावर होता. म्हणून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक यांनी गटारे धुऊन काढली गेली, आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला.

या ट्रस्टने इमारतींसाठी जो नियम वापरला तो समजून घेण्यासारखा आहे. समोरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांची रेघ वर ओढायची. तुमची इमारत त्या रेघेला छेदता कामा नये. भूमितीच्या हिशेबात याचा अर्थ असा, की चाळीस फूट उंच इमारतीसमोर निदान वीस फूट मोकळी जागा हवी. तळमजल्यावरच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा दिसावा, हा त्यामागचा हेतू. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर या नियमाचे मोठे पुरस्कर्ते होते. रोगाचे निदान चुकले होते. उजेड आणि हवेची गरज मात्र खरी होती. त्यामुळे निदान मागे पडले तरी मोकळ्या जागेची कल्पना पुढच्या बांधकाम नियमांत टिकली.

तिची किंमत गरिबांनी दिली. नागपाड्यासारख्या वस्त्या पाडल्या गेल्या, पण निदान पहिल्या दशकात पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या थोड्या आणि उशिरा उभ्या राहिल्या. हटवलेली माणसे शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली दाटी वाढली. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. आकडेवारीत हे घर होते. सकाळच्या रांगेत उभे राहणाऱ्यांना त्याचा अर्थ वेगळा कळत होता.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६६ साली प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला, १९७० साली राष्ट्रीय बांधकाम संहिता आली. तरी बरीच वर्षे शहरागणिक नियमावली वेगळी होती. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळून बहुतेक राज्याला एकच नियमावली मिळाली ती डिसेंबर २०२० मध्ये. समासातली मोकळी जागा, जिना, पावसाच्या पाण्याची साठवण असे सारे तिच्यात आहे.

पण भूखंडाच्या कुंपणाबाहेर काय? केंद्राच्या १९९९ सालच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत एक बोलका भेद होता. नळपाणी आहे पण मलनिःसारण व्यवस्था नाही, अशा गावाला माणशी रोज ७० लिटर. ती असलेल्या किंवा होऊ घातलेल्या शहराला १३५ लिटर. बाहेर जाण्याची वाट नसेल तर आत पाणी कमी द्यावे, हा विहारने शिकवलेला धडा तिथे आकड्यात उतरला होता. प्रत्यक्षात आपल्या वाढत्या शहरांच्या कडेला उंच इमारती आधी उभ्या राहतात, टँकर येतात, आणि तळाशी सेप्टिक टँक असतो.

तो भरल्यावर पुन्हा माणूसच आठवतो. कोरडे संडास आणि हाताने मैला साफ करणे यांना बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली अधिक कडक झाला. गटारात मृत्यू आल्यास दहा लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. बंदी घातलेल्या कामातल्या मृत्यूची भरपाई वाढवावी लागते, यातच सारे आले.

नवे घर घेताना आपण पाण्याचा दाब पाहतो, फरशी पाहतो, नळ उघडून बघतो. त्याच वेळी नकाशावर बोट ठेवून विचारायला हवे: ही नळी कुठे जाते, आणि ती तुंबली तर आत कोण उतरते? बंदी अमलात आली की नाही, हे त्या उत्तरावरूनच कळेल.