यूएसबी आयएफ : एका ओळखपत्राची तीस वर्षं

१९९५ साली अमेरिकेत ‘यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरम’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. घरच्या कॉम्प्युटरला नवं उपकरण जोडणं तेव्हा माहीतगाराचंच काम होतं. प्रिंटरला पॅरलल पोर्ट, मोडेमला सिरियल, कीबोर्डला तिसरंच गोल सॉकेट. स्कॅनर घेतला तर बऱ्याचदा कॅबिनेट उघडून कार्ड बसवायचं, ते दुसऱ्या कार्डाच्या आड येऊ नये म्हणून जंपर हलवायचे आणि मग फ्लॉपीवरून ड्रायव्हर घालायचा. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या यावर तोडगा काढायला एकत्र आल्या. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट इंटेलच्या बाजूने या कामात अग्रभागी होते. जानेवारी १९९६ मध्ये पहिलं मानक जाहीर झालं.

लोकांच्या लक्षात राहिली ती चपटी पिन. संस्थेचं खरं मोठं काम मात्र सॉफ्टवेअरमधलं आहे, असं मी मानतो. माउस जोडला की कॉम्प्युटर त्याला १ ते १२७ पैकी एक पत्ता देतो आणि ‘तू कोण?’ म्हणून विचारतो. माउस १८ बाइटांचं ओळखपत्र पुढे करतो. त्यात कंपनीचा क्रमांक असतो, तो ही संस्थाच देते. शिवाय उत्पादनाचा क्रमांक असतो. मग माउस आपला वर्ग सांगतो : ३, म्हणजे ‘एचआयडी’, माणसाने हाताळायची उपकरणं. पाठोपाठ तपशील येतो : मला तीन बटणं आहेत, आडवी-उभी हालचाल मी कळवतो. एवढ्यावर कुठल्याही कंपनीचा माउस एकाच तयार ड्रायव्हरवर चालू लागतो. पेन ड्राइव्हचा वर्ग ८, आवाजाच्या उपकरणांचा १. बाजारात एकमेकींवर कुरघोडी करणाऱ्या कंपन्यांना अशा यादीवर एकमत करायला लावणं सोपं नव्हतं.

सुरुवात अडखळतच झाली. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोत बिल गेट्स मंचावर असताना स्कॅनर जोडला आणि विंडोज ९८ निळा पडदा दाखवून कोसळलं. त्याच वर्षी ॲपलने आयमॅकमधून जुने पोर्ट काढून टाकले आणि उपकरणं बनवणाऱ्यांना यूएसबीकडे वळावंच लागलं. २००० साली वेग सेकंदाला १२ मेगाबिटांवरून ४८० वर गेला, २००८ मध्ये ५ गिगाबिटांवर. २०१४ साली टाइप-सी आलं.

प्रिंटरच्या बाबतीत मात्र काम अर्धवट राहिलं. वर्ग ७ ने मजकूर प्रिंटरपर्यंत पोचवण्याची रीत ठरवली, पण प्रिंटरची भाषा ज्या त्या कंपनीच्या हातात राहिली. ड्रायव्हरची कटकट त्यामुळेच वर्षानुवर्षं टिकली. वेगवान आवृत्त्यांची नावं तर संस्थेने इतक्यांदा बदलली, की केबल घेणारा गोंधळणारच.

तरीही २०१८ मधला एक निर्णय मला या सगळ्या वाटचालीत सर्वांत मोलाचा वाटतो. मायक्रोसॉफ्ट, ॲपल, गूगल यांच्या सहभागाने संस्थेने ब्रेल डिस्प्लेसाठी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोटांनी वाचायच्या ठिपक्यांत उमटवणाऱ्या यंत्रासाठी, एचआयडी मानक जाहीर केलं. तोवर दृष्टिहीन वाचकाला आपल्या यंत्रासाठी खास सॉफ्टवेअर शोधावं लागे, आणि परक्या कॉम्प्युटरवर तर हातच टेकावे लागत. आता एनव्हीडीए या मोफत स्क्रीन-रीडरमध्येही या मानकाची सोय आहे. आपल्याकडच्या अंधशाळांनी आणि ग्रंथालयांनी नवा ब्रेल डिस्प्ले घेताना मागणीपत्रात ‘एचआयडी ब्रेल मानकाशी सुसंगत’ ही अट आवर्जून घालावी.